माझ्या पॉइंटांना वारस नाही

मी, इंद्रमोहन देसराज सोबती, वय एकोणसत्तर, पंप बनवणाऱ्या कंपनीतून विक्रीप्रमुख म्हणून निवृत्त, राहणार सेक्टर ४६, गुरुग्राम, हे माझ्या हाताने, कोणाच्याही भरीला न पडता लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा दाखला शेजारच्या डॉ. मनजीत कौर वालिया यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. अठरा नोव्हेंबरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, पण म्हणताना ते कागदाकडे बघतात.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात विमान कंपन्यांच्या आणि हॉटेलांच्या पॉइंटांबद्दल साडेचार पाने होती आणि बायकोबद्दल दोन ओळी. ते मी शुद्धीवर असताना लिहिले होते, हेच वाईट.

कलम १. अकराव्या मजल्यावरचे हे घर माझी पत्नी सौ. जोनाकी, माहेरची बरुआ, मूळ राहणार जोरहाट, आसाम, हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावे. तिने ते ठेवावे, विकावे, कोणाला फुकट द्यावे. "मम्मी एकटी कशी राहील" हा विषय माझा मुलगा चि. रणजय याने काढू नये. ती एकतीस वर्षे या घरात एकटीच राहिली आहे. मी सोमवारी पहाटे जात असे आणि शुक्रवारी परत येऊन बॅगेतले कपडे धुवायला टाकत असे. त्याला संसार म्हणायचे असेल तर म्हणावे.

कलम २. बँकेतल्या ठेवी आणि भविष्यनिर्वाह निधी यांचे दोन भाग जोनाकीला, एक भाग रणजयला. मोटार रणजयला. जोनाकीला तिच्या नोकरीची स्वतःची पेन्शन आहे, तिचा हिशेब कोणी विचारू नये. यात भांडण होण्यासारखे काही नाही.

कलम ३. माळ्यावर तीन खोकी आहेत. त्यांत हॉटेलांतून उचललेल्या शाम्पूच्या बाटल्या, साबणाच्या वड्या, सुईदोऱ्याच्या डब्या, दाढीचे सामान आणि पांढऱ्या कापडी सपाता आहेत. परवा मी एक खोके उघडले. शाम्पू फुटून सपातांत मुरला होता आणि असा वास आला, की मला संडासात जाऊन बसावे लागले. वर्षाला दीडशे रात्री हॉटेलात काढणारा, बऱ्यापैकी पगार घेणारा मी माणूस निघताना साबण रुमालात गुंडाळत असे. पंचतारांकित हॉटेलाच्या आरशासमोर, टाय लावून. ही खोकी कचऱ्याच्या गाडीत टाकावीत. अनाथाश्रमाला देऊ नयेत. आपल्याला जे अंगाला लावायची किळस वाटते ते दुसऱ्यांच्या मुलांना देऊन कोणी पुण्य मिळवू नये.

कलम ४. आमचे चौदा जणांचे मंडळ. कोणते कार्ड कुठे घासले की किती पॉइंट, कोणते हॉटेल कोणत्या आठवड्यात दुप्पट देते, याच्या गप्पा आम्ही फोनवरच्या गटात दिवसभर मारतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमचा नाश्ता विमानतळावर असतो. पूर्ण परतावा मिळणारे महागडे तिकीट काढायचे, आत जायचे, लाउंजमध्ये खायचे, मग तिकीट रद्द करायचे आणि "अचानक तब्येत बिघडली" असे सांगून, वहीत सही करून बाहेर यायचे. चौदा धडधाकट माणसांची तब्येत एकाच शनिवारी बिघडते हे तिथल्या जवानांना कळत नसेल असे नाही. मला आठवते, श्री. सुदर्शन भसीन माझ्या ताटात वाढत म्हणाले होते, "अहो सोबतीजी, अजून एक भटुरा घ्या. लाजता काय? आपल्या बापाचंच लाउंज आहे." मी घेतला. तो तिसरा होता.

श्री. भसीन यांना माझ्या अंत्ययात्रेला येऊ द्यावे. मात्र नंतरच्या जेवणाचे बिल त्यांच्या कार्डावर भरू देऊ नये. ते पुढे होऊन भरतील, सर्वांकडून रोख गोळा करतील आणि पॉइंट स्वतःकडे ठेवतील. मला माहीत आहे, कारण त्यांच्या वडिलांच्या वेळी मी तेच केले होते.

कलम ५. इंदूरच्या एका हॉटेलात २०१३ साली लैश्राम नावाची मणिपुरी मुलगी स्वागतकक्षात होती. तिने मला कधी ताटकळत ठेवले नाही. ताप आला तेव्हा स्वतः गरम पाणी आणून दिले. आमच्या मंडळात तेव्हा तक्रार करून पॉइंट काढायची टूम निघाली होती. खोलीत वास येतो, नळ गळतो, कर्मचारी उद्धट आहेत, असे लिहायचे, की हॉटेल दिलगिरीदाखल पाच हजार पॉइंट जमा करते. मी "कर्मचारी उद्धट" लिहिले. नाव विचारले गेले तेव्हा तिचे दिले, कारण मला दुसऱ्या कोणाचे माहीत नव्हते. पुढच्या खेपेला ती नव्हती. बदली की आणखी काही, मी विचारले नाही. पॉइंट वेळेवर जमा झाले.

तिला शोधून, कलम २ मधल्या ठेवींचे भाग पाडण्याआधी त्यांतून एक लाख रुपये द्यावेत आणि हे कलम वाचून दाखवावे. तिने पैसे नाकारले तर आग्रह करू नये. थुंकली तरी आश्चर्य वाटून घेऊ नये.

कलम ६. आता पॉइंट. तीन विमान कंपन्या आणि दोन हॉटेल साखळ्या मिळून आज माझ्या नावावर चौदा लाख साठ हजार आहेत. सदस्य मेला की खाते बंद आणि पॉइंट रद्द, असे पाचही ठिकाणचे नियम आहेत. वारसाला एकही जात नाही. मी तीस वर्षे जे जमवले ते माझ्या चितेआधी विझणार आहे. ते वापरले का नाहीत, असे कोणी विचारील. उत्तर असे, की प्रत्येक वेळी वाटायचे, पुढे याहून चांगला भाव मिळेल. एका पॉइंटचे ऐंशी पैसे मिळत असताना मी रुपयाची वाट बघितली. मग कंपन्यांनी भाव पाडला, पन्नास पैशांवर आणला, तेव्हा आता तर मुळीच नको म्हणून थांबलो.

गेल्या महिन्यात इस्पितळात रणजय माझ्या उशाशी बसला. मला वाटले हात धरील.

तो म्हणाला, "पापा, पासवर्ड तेवढे एका कागदावर लिहून ठेवा."

"कशाला?"

"देव करो काही होऊ नये. पण झालंच, तर कंपन्यांना लगेच कळवायचं नाही. भसीन अंकल म्हणाले, एक-दोन वर्षं आरामात चालतं. कपूर आंटी अजून अंकलच्या खात्यावर गोव्याला जातात."

"म्हणजे मी मेलो तरी मेलो नाही?"

"तसं नव्हे हो. फक्त कागदावर."

नंतर तो खाली जाऊन शस्त्रक्रियेची आगाऊ रक्कम स्वतःच्या कार्डावर भरून आला, आणि वर येऊन खुशीत म्हणाला, "वर्षाचं लक्ष्य पूर्ण झालं पापा, आता कार्डाची फी माफ." मला त्याची शिसारी आली. मग आठवले, की तो बारा वर्षांचा असताना जेवणाच्या टेबलावर हे गणित मीच त्याला शिकवले होते आणि बरोबर उत्तराला आइस्क्रीम दिले होते. त्याला मी माफ करतो. मला त्याने करावे की नाही, त्याने ठरवावे.

म्हणून सांगतो, माझा श्वास थांबल्यावर पहिले पाच फोन या पाच कंपन्यांना करावेत, नातेवाइकांना त्यानंतर. फोन डॉ. वालिया करतील; त्यांनी कबूल केले आहे. नंबर सोबतच्या कागदावर आहेत. पासवर्ड कुठेही लिहिलेले नाहीत.

कलम ७. हे कलम मालमत्तेचे नाही. वकील अ‍ॅड. यशपाल कटोच म्हणाले, मृत्युपत्रात याची गरज नाही. मला आहे.

२०१६ च्या सत्तावीस डिसेंबरला सकाळी जोरहाटहून जोनाकीच्या मोठ्या बहिणीचा, निरुपमा बाईदेउंचा फोन आला. आई अत्यवस्थ होती, ताबडतोब निघायला सांगितले. दिल्लीहून कोलकाता आणि कोलकात्याहून जोरहाट, अशी दोन विमाने घेऊन ती संध्याकाळपर्यंत आईजवळ पोचली असती. तिकिटे होती. महाग होती, पण माझ्या खिशाला परवडणारी.

वर्षअखेरीला विमान कंपनीच्या सदस्यत्वाची सर्वांत वरची श्रेणी टिकवायला मला तीन उड्डाणे कमी पडत होती. आमच्यातले सगळेच डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुठेतरी उगाच उडून येतात, उतरतात, चहा पितात आणि त्याच विमानाने परततात. मी त्या वर्षी आळस केला होता. सरळ मार्गाने दोनच उड्डाणे झाली असती, आणि परतीची नव्या वर्षात पडली असती. मी बंगळुरूमार्गे काढले: दिल्ली, बंगळुरू, कोलकाता, जोरहाट. माझे तिकीट पैशाचे, म्हणजे उड्डाणे मोजली जातील. तिचे पॉइंटांचे. तिला म्हणालो, सरळ विमानात जागा नाही.

दिल्लीत धुके होते. बंगळुरूला चार तास उशिरा पोचलो, पुढचे विमान गेलेले. लाउंजमध्ये ती खुर्चीच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी इडली आणि उपमा भरलेली बशी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "खाऊन घे. फुकट आहे."

तिने बशी बाजूच्या टेबलावर सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा सगळे स्मशानातून परतले होते. बाईदेउ जोनाकीला म्हणाल्या, "मा काल रात्री अकरापर्यंत तुझीच वाट बघत होती गं. सारखी विचारत होती, विमान उतरलं का?" मग त्यांनी मला चहा दिला. त्यांना काही माहीत नव्हते.

जोनाकीला त्याच आठवड्यात कळले. माझ्याच फोनवर तिने दोन्ही मार्ग बघितले. ओरडली नाही. जानेवारीत कंपनीकडून मखमली पेटीत धातूचे कार्ड आले, सोबत माझ्या निष्ठेबद्दल आभाराचे पत्र होते. तिने ते पत्र मला वाचून दाखवले, घडी घातली आणि जेवायला वाढले. तेव्हापासून ती माझ्या पॉइंटांवर कुठेही गेलेली नाही. जपानला जाऊ, म्हणालो. युरोपला जाऊ, म्हणालो. "तुम्ही जा," म्हणते. दरवर्षी बाईदेउंना भेटायला ती जोरहाटजवळच्या मरियानी स्टेशनापर्यंत आगगाडीने जाते, जाऊन-येऊन चार दिवस मोडतात. गेल्या आठ वर्षांत मी एकदाही तिच्याजवळ चूक झाली असे म्हणालो नाही. आज या कागदावर म्हणतो. मी तिला तिच्या आईपासून एका कार्डासाठी अडवले. मी नीच वागलो.

कलम ८. हे कलम आज, सहीच्या दिवशी, घातले आहे. साक्षीदार पाच वाजता यायचे आहेत.

सकाळी साडेसातला जोरहाटहून बाईदेउंच्या मुलाचा फोन आला. बाईदेउंना अर्धांगाचा झटका आला आहे, बोलता येत नाही, पण माणसे ओळखतात. माहेरचे जोनाकीला आता तेवढेच एक माणूस उरले आहे. तिने फोन ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. मी ताबडतोब तिकीट काढायला बसलो. मनाशी ठरवले होते, की या वेळी सर्वांत महाग, सर्वांत लवकरचे, पैसे भरून. आजचे तिकीट समोर दिसत होते. त्याच्याखाली उद्या सकाळचे, पॉइंटांवर, जवळजवळ फुकट. आणि मी ते उघडून बघितले. सांगायला लाज वाटते, पण मी किती पॉइंट लागतात ते बघत होतो.

जोनाकी बॅग घेऊन बाहेर आली. तिला चप्पल घालताना बघून मी म्हणालो, "थांब, काढतोच आहे तिकीट."

"काढलं मी. माझ्या पेन्शनमधून."

"कधी?"

"फोन ठेवल्याबरोबर. टॅक्सी खाली आली आहे."

"कुठल्या मार्गाने?"

"सरळ," ती म्हणाली.

मी विचारले, "आणि अठरा तारखेला?"

तिने दारात क्षणभर विचार केला. रागावलेली नव्हती. "बाईदेउ सावरली तर येईन. नाहीतर तुमच्याजवळ रणजय आहे. गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावल्या आहेत." आणि लिफ्टने खाली गेली. वर खिडकीतून टॅक्सी दिसते, पण मी जाईपर्यंत ती निघून गेली होती.

तेव्हा माझी शेवटची इच्छा, जी वरील सर्व कलमांच्या वर समजावी, अशी. शस्त्रक्रियेत माझे काही बरेवाईट झाले आणि जोनाकी जोरहाटला असेल, तर तिला घाई करून बोलावू नये. प्रेत तिच्यासाठी ठेवू नये. फोन करायचा तर बाईदेउंची तब्येत विचारून मग सांगावे. तिने बहिणीजवळ हवे तितके दिवस बसावे. ती माझ्या अग्नीला पोचली नाही, तर रणजयने, भसीन यांनी किंवा माझ्या कुळातल्या कोणीही तिला एका शब्दाने विचारू नये. तिची वाट बघायचा हक्क मी २०१६ साली गमावला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला, आणि कलम ७ व ८ खोडण्यास नकार देऊन सही केली आहे.

सही: इंद्रमोहन देसराज सोबती

साक्षीदार, माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष:
१. डॉ. मनजीत कौर वालिया, सेक्टर ४६, गुरुग्राम
२. अ‍ॅड. यशपाल कटोच, सिव्हिल लाइन्स, गुरुग्राम

ठिकाण: गुरुग्राम
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४, सायंकाळी सव्वापाच