राशीपाशी काढलेले बूट

बॉन, २४ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. माझी तब्येत उत्तम आहे, जेवण वेळेवर होतंय. हे आधीच लिहिलं, कारण पुढे सगळं भांडणच आहे.

काल इथल्या शेतावरचा गहू काढून झाला. आले होते पीएचडीच्या कामाला, पण मालकाचं मनगट मोडलं आणि नऊ दिवस हार्वेस्टर मीच चालवला. शेवटची ट्रॉली कोठारात रिकामी झाली, तेव्हा मालकाची आई, फ्राऊ लेनेर्ट, म्हणाल्या, "ये आत, बघ केवढी रास झालीय!"

आणि मी काय केलं? बूट काढले आणि दाराबाहेरच उभी राहिले. त्या म्हणाल्या, "पाय दुखतायत का गं?"

काय सांगू त्यांना? आमच्याकडे बायकांनी राशीजवळ जायचं नसतं, हे? बूट मी यापुढेही काढीन. धान्याला पायताण लागू नये, हे मला पटतं. पण बाहेर थांबायला तुम्ही शिकवलंत, बाबा. ज्वारी काढते आई, पेंढ्या बांधते आई, कणसं खुडते आई, आणि रास लागली की खळ्याबाहेर कोण? आईच! तुमचा लेक तनय वर्षभर शेताकडे फिरकत नाही, तरी रास मोजायचं माप मात्र त्याच्या हातात.

तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांना दाखवलात की अजून नुसतं तेलच चोळताय?

फेब्रुवारीत मी खळ्यावर येतेय. घाबरू नका, माप मी मागणार नाही. माप आई घालेल. तुम्ही आणि मी बाहेर उभे राहू, तिच्या चपला सांभाळत.

तुमचीच, तुमच्याइतकीच हट्टी,
उर्जा