मावशीचा राजहंस आणि माझा नियम

ती. मावशीस साष्टांग नमस्कार. (आज तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ घालतोय, कारण पुढे कळेलच.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं ताईकडून कळलं. डॉक्टरांनी दोन आठवडे स्क्रीनकडे बघू नकोस म्हटलंय ना, तर तू सरळ महिनाभर बघू नकोस. डोळ्यांपेक्षा का टॅबलेट मोठा आहे? तो माझ्याकडे सुखरूप आहे. टॅबलेट सुखरूप आहे, एवढंच म्हणतोय मी. हे पत्र ताई वाचून दाखवेल. तिला म्हणावं, मधेमधे हसायचं नाही.

माझं काम तुला ठाऊकच आहे. कोणता व्हिडिओ गेम कोणत्या वयाच्या माणसाने खेळावा, त्याचा शिक्का मारणारं आमचं सरकारी ऑफिस. (माझ्या लग्नात तू सगळ्यांना "हा खेळायचा पगार घेतो" असं सांगत फिरलीस, ते मी विसरलेलो नाही.) हल्ली आमच्यामागे नवं झेंगट लागलंय, नशिबाच्या पेट्यांचं. पैसे किंवा गेममधली वस्तू द्यायची, पेटी उघडायची, आत काय निघेल ते देव जाणे. वरून पोराबाळांचा खेळ, आतून चक्क जुगार! त्यावर नियम लिहायला साहेबांनी मला बसवलं आणि मीही जीव ओतून लिहिले. प्रत्येक पेटीआधी टॅबलेटच्या मालकाचा चेहरा तपासायचा, दोन्ही डोळे उघडे हवेत (झोपलेल्या बापासमोर टॅबलेट धरणारी कार्टी मी पाहिली आहेत), आणि वर ठळक सूचना: "'आता तरी येईलच' असं वाटू लागलं, की खेळ थांबवा." हे वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते स्वतःचं म्हणून वरच्या साहेबांना वाचून दाखवलं.

नियम लागू व्हायला चार दिवस असताना तुझा तो तळ्यात पक्षी पाळायचा गेम तपासणीसाठी नेमका माझ्याच टेबलावर आला. ऑफिसचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. म्हटलं, मावशीचा टॅबलेट आहे की घरात! पेटीने विचारलं, राजहंस देता का? आता दिल्याशिवाय हा जुगार आहे की नाही, कसं कळणार? दिला. मावशी, आतून बादली निघाली. निळी. हो, तोच राजहंस, तू तीन वर्षं वाढवलेला, रोज सकाळी दाणे टाकताना ज्याच्याशी तू काकांशी बोलावं तशी बोलतेस. काका गेले तेव्हाही मी इतका हादरलो नव्हतो, कारण तेव्हा माझी काही चूक नव्हती. त्याला परत आणायला मी दोन्ही बदकं दिली, मग करकोचा दिला. सध्या तळ्यात चार बादल्या आणि एक लंगडा बगळा आहे. शिक्क्याच्या कागदावर "फक्त अठरा वर्षांवरील" एवढंच लिहायचंय, आणि बावन्नाव्या वर्षी मी तो कागद फायलींच्या तळाशी सरकवतोय.

रागाव, पण डोळ्यांना ताण देऊ नकोस.

तुझा तोंड लपवून बसलेला,
भाचा

ता. क. कंपनीकडे अर्ज केला तर राजहंस परत मिळू शकतो. पण अर्जात "पेटी कोणी उघडली" असा रकाना आहे आणि अर्जाची प्रत आमच्या साहेबांकडे जाते. (तो रकानाही मीच सुचवला होता.)

ता. क. २ सोमवारपासून नियम लागू झाला. कंपनीने तो तंतोतंत पाळलाय. माझा चेहरा बघून पेटी उघडत नाही.

ता. क. ३ पट्टी निघाली की रविवारी मी टॅबलेट घेऊन येतो. तू फक्त दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन मिनिटं समोर बस. डॉक्टरांना सांगायची काही गरज नाही. बगळा लावून बघू. चारदा बादली आली आहे, मावशी, आता तरी येईलच.