शकू, प्रकार : काहीही

सौ. वैशालीवन्सं यांस,

शकूचा पेणहून नमस्कार. तुमचे गुडघे जिना चढू देतात का, आणि तुमच्या यजमानांचा खोकला बसला का, ते कळवा. माझा डोळा उत्तम आहे. इतका उत्तम, की नको ते सगळं दिसायला लागलंय. रोह्याला तुमच्याकडे महिनाभर हिरवी पट्टी बांधून बसले होते तेव्हा जग बरं होतं.

तुमच्या आदर्शवर माझा राग नाही, हे आधी लिहून टाकते (म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही पत्र फाडणार नाही). पोरगा मनानं चांगला. मामीला कारखान्याचा भार नको, म्हणून मी पट्टी बांधून पडले असताना त्यानं तुमच्या दादांचा प्रोग्रॅम साफ केला. पाठीमुळे साचा उचलवेना तेव्हा तुमचे दादा वडखळच्या क्लासला जाऊन शिकले आणि वर्षभर खपून त्यांनी तो लिहिला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मूर्तीची ऑर्डर त्यात घातली की काळुरामच्या हातात चिठ्ठी येते : अमुक साचा, अमुक उंची, रंग कधी, डोळ्यांची आखणी कधी. चिठ्ठीत असेल ते काळुराम करतो. चिठ्ठीत हत्ती असता तर त्यानं हत्ती केला असता.

आदर्शनं प्रोग्रॅम एका तपासनिसाला वाचायला दिला. हा तपासनीस म्हणजे माणूस नव्हे, दुसरा प्रोग्रॅमच. (वाचणारा वाचतोय, लिहिणारा लिहितोय, दोघांनाही पोट नाही. कसलं जग!) त्यानं काढलेला छापील गठ्ठा आदर्शनं कौतुकानं माझ्या पिशवीत घातला. तुम्हाला माझी खोड माहीत आहे, मी शेंगदाण्याच्या पुडीचा कागदही सोडत नाही. गाडीत तो वाचायला घेतला आणि पेण मागे टाकून जित्याला उतरले.

आदर्शनं मला समजावलं होतं ते असं. प्रत्येक काम म्हणजे एक मेथड. तिच्यापुढे कंस, आणि कंसात त्या कामाच्या हाताशी काय काय द्यायचं त्यांची नावं. त्या नावापुढे त्याचा प्रकार. भाकरी थापायची तर पीठ आणि पाणी हाताशी हवं, आणि पिठाच्या जागी चुना आला तर आधीच ओरडायला हवं, तसं. प्रकाराचं नावही तपासनीस पूर्ण लिहितो, लग्नपत्रिकेत लिहितात तसं, गाव-घराण्यासकट. कारण 'पाट' दोन आहेत, एक वखारीतला लाकडाचा आणि एक मूर्तीखालचा. आपल्या आळीत दोन शकू आहेत म्हणून मी 'कारखान्यातली शकू' झाले, तोच न्याय.

तर आखणीच्या कंसात मी वाचलं : उंची, प्रकार फूट. बैठक, प्रकार पाट. वैशाली, प्रकार खोड. (व्हय, तुम्हीच. मूर्तीत खोड काढणारं जे काही आहे त्याला दादांनी तुमचं नाव दिलंय. हसू नका, तुम्ही सगळीकडे लागता.) आणि शेवटी शकू, प्रकार काहीही. साच्याच्या कंसात शेवटी शकू. रंगाच्या कंसात शेवटी शकू. पाट बसवायचा, तिथंही शकू.

वन्सं, तुमच्या दादांनी मला जन्मात नावानं हाक मारली नाही. 'अगो' मारली, 'ऐकलंस का' मारली. आजारपणात हॉस्पिटलच्या बाईनं बायकोचं नाव विचारलं, तर माझ्याकडे बोट केलं. आणि इथं पानापानावर मी. पण प्रत्येक ठिकाणी पुढे तपासनिसाचा शेरा : विनावापर. काढून टाकावे.

तुमच्या मुलानं ते काढलंही होतं. मी जित्याच्या फलाटावर बसून राहिले. विधवा बाईला हे छापून द्यायची काही गरज नव्हती.

आता खरं संकट. मी घरी येऊन शेडमध्ये पाऊल टाकलं तर समोर गडबच्या मंडळाचा बाप्पा. साडेनऊ फूट, मुकुटासकट, रंगून, आखणी होऊन, प्रसन्न. शेडचा दरवाजा आठ फूट. काळुरामला म्हटलं, अरे, हा बाहेर कसा जायचा? तो म्हणाला, "काकू, चिठ्ठीत उंची हाय, दरवाजा नाय."

आदर्शला फोन केला तेव्हा उलगडलं. पहिल्या मेथडपासून 'शकू' हे नाव नुसतं हातोहात पुढे जात होतं, कुणी उघडून बघत नव्हतं. ते उघडायची एकच जागा होती, अगदी शेवटी, 'स्वयंपाकघर' नावाच्या फाइलीत. ती फाइल तुमच्या चिरंजीवांनी तपासनिसाला दिलीच नाही. त्याला वाटलं, मामीच्या पाककृती असतील. वेगळी काढून ठेवली. तिथं, चिठ्ठी निघण्याआधी, प्रोग्रॅम माझ्या हो-नाहीसाठी थांबायचा. आधी तुमचे दादा उठून मला विचारायला चुलीपाशी यायचे, आणि ते गेल्यापासून मीच तिथलं बटण दाबत होते, ते माझ्या नावाचं आहे हे ठाऊक नसताना. मी काय करायचे? उंची ऐकायचे, मनात दरवाजा धरायचे आणि सांगायचे. तेवढंच. इतकी वर्षं एकही बाप्पा आत अडकला नाही, म्हणून कुणाला कळलंही नाही की असं कुणी सांगतंय.

मंडळाची पोरं येऊन गेली. एक म्हणाला मुकुट कापा, त्याच्याकडे काळुरामनं असं पाहिलं की तो चप्पल घालून बाहेरच उभा राहिला. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, देवाला घाई नाय, पण आम्हाला हाय." आळीतल्यांनी देवाला आडवा करायचा सल्ला दिला. रंगवलेला, डोळे उघडलेला देव आडवा! मी हात टेकले. शेवटी भिंत पाडायला सांगितली. ती चौकट तुमच्या दादांनी स्वतः बसवली होती, हात वर केला की बोटं टेकतील इतकी. हे लिहितेय आणि मागे घण पडतोय. प्रत्येक घावाला खोलीतला त्यांचा फोटो हलतो.

असो. तब्येतीला जपा. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
शकू

ता. क. बाप्पा निघाला. जाताना मुकुट वरच्या विटेला घासला नाही. शेडला आता एवढं भगदाड आहे की पुढच्या वर्षी हत्तीही निघेल, त्यामुळे माझ्या हो-नाहीचं खरं तर काही काम उरलेलं नाही. तरी आदर्शला सांगा, रविवारी येऊन मला होते तिथं सगळीकडे परत ठेव. तपासनीस ओरडला तर ओरडू दे. तुमचं नाव मी हलवू दिलेलं नाही.

ता. क. दुसरा. आत्ताच त्याचा फोन आला. ठेवतो म्हणाला, पण 'काहीही' हा प्रकार चालत नाही, तिथं 'हो किंवा नाही' घालू या. त्याला सांगा, घालू नकोस. तुमचे दादा चुलीपाशी येऊन विचारायचे तेव्हा मी कधी हो म्हटलं, कधी नाही म्हटलं, पण बहुतेक वेळा 'आधी जेवून घ्या' म्हटलं. ते त्या दोघांत बसत नाही.