लग्नाच्या पन्नाशीची सवलत

९ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघे धरलेत म्हणून लिहिलंत, पण जीभ ठणठणीत आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

इकडची बातमी म्हणजे तुमची वहिनी जहाजातून फिरायला चालली आहे. हसू नका. आठवडाभराची सहल, जहाज म्हणजे मोठं हॉटेलच पाण्यात सोडलेलं. सोन्या, सूनबाई आणि मी. पोरगा आपणहून खर्च करतोय म्हटल्यावर मी आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

अर्थात तुमचा भाचा तो तुमचाच भाचा. शाळा चालू असतानाचे दिवस धरलेत, म्हणजे दर उतरलेले. खोल्या घेतल्या त्या जहाजाच्या पोटातल्या, बिनखिडकीच्या. मी म्हटलं समुद्र दिसणार कसा, तर म्हणाला समुद्र वर गच्चीवर फुकट दिसतो. गंमत म्हणजे एकट्या माणसाने खोली घेतली तरी भाडं दोघांचं लावतात म्हणे. नवरा गेल्याचा दंडच की हा! मी म्हटलं मग मला राहू दे घरी. तर म्हणतो त्यावर त्याने तोड काढली आहे, मी फक्त बॅग भरावी. कसली तोड ते सांगत नाही, नुसता मिशीत हसतो.

तुमच्यापाशी म्हणून बोलते. तुमचा भाऊ शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा सोन्या परगावी होता. गुरुवारचं विमान स्वस्त म्हणून थांबला आणि येऊन पोचला तोवर सगळं उरकलं होतं. दोन वर्षं झाली, मी त्याच्याकडेच राहते, पण त्यावर आम्ही मायलेक एक अक्षर बोललो नाही. आता वाटलं, तोंडाने बोलता येत नाही म्हणून पोरगं हे असं करत असेल. म्हणून हो म्हटलं.

गुडघ्यांना तेल लावा आणि जिभेला जरा सुट्टी द्या. माया आहे तशी असू द्या.

तुमची
वहिनी


१६ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दोनदा वाचलं. सोन्या आणि जहाज! लहानपणी वाढदिवसाला मित्रांना बोलवायचा आणि फुगे दुसऱ्या दिवशी हवा काढून जपून ठेवायचा, तोच ना हा?

तुम्हाला जे वाटलं तेच खरं निघो. पोराच्या मनात ती टोचणी असेल तर बरंच आहे, मला तर अजून आठवलं की त्याचं तोंड बघू नयेसं वाटतं. पण वहिनी, ती तोड काय ते नीट विचारून घ्या. तुमचा स्वभाव असा की कुणी प्रेमाने बॅग भर म्हटलं की तुम्ही स्वतःलाच घडी करून तिच्यात ठेवाल. उद्या सामानाच्या खोलीत झोपवलंन तुम्हाला, तर मला नवल वाटणार नाही.

जहाजावरून पत्र टाका. आणि गच्चीवर म्हाताऱ्या बाया पोहायच्या कपड्यात लोळतात असं ऐकलंय. तुम्ही लोळू नका, जहाज कलंडेल.

आठवण ठेवा, मी ठेवतेच आहे.

तुमची
नणंद


४ फेब्रुवारी
जहाजावरून

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

जहाजावर इंटरनेटला वेगळे पैसे पडतात. ते सोन्याने भरले नाहीत, त्यामुळे फोनचं नुसतं घड्याळ झालंय. आज बंदरावर उतरणार आहोत, टपालपेटी दिसली की हे पत्र तिच्यात टाकीन.

ती तोड कळली. उभ्या असाल तर आधी बसून घ्या.

या जहाजवाल्यांची एक सवलत आहे. ज्या नवराबायकोच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात, त्यांच्यातल्या एकाचं भाडं माफ. आमची यंदा पन्नास भरली असती. सोन्याने सरळ तुमच्या भावाचं नाव घातलं. जुना पासपोर्ट कपाटात होता, त्यावरचा नंबर दिला. आणि चढायच्या दिवशी खिडकीवर तोंड पाडून सांगितलं की बाबा ऐन वेळी आजारी पडले, पण आईने जायलाच हवं असा त्यांचा हट्ट आहे. मी शेजारी उभी. माझ्या हातातून पिशवी पडली. खिडकीतल्या मुलीला वाटलं बाईंना नवऱ्याची काळजी. बिचारी बाहेर आली, माझा हात हातात घेतला आणि छातीवर सोनेरी बिल्ला लावलान. त्यावर पन्नासचा आकडा.

सोन्याला कोपऱ्यात घेतलं. तर म्हणाला, बाबांचं यात काय जातंय? खोली तीच, पलंग तोच, उलट एक भाडं वाचलं, बाबा असते तर पाठ थोपटली असती. सूनबाई छताकडे बघत होती. वन्सं, मेलेल्या बापाला पुन्हा आजारी पाडलंन, आणि तेही सवलतीसाठी. मला वाटलं होतं पोरगं काहीतरी भरून काढतंय. ते भरून नाही, काढूनच घेत होतं.

पहिल्या दिवशी मी गंमतच केली, खोटं कशाला सांगू. खोली आवरणारी बाई दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट ठेवते. त्यांच्या वाटणीचं मीच खाल्लं. म्हटलं जन्मभर माझ्या ताटातलं उचलून खात होतात, आता गप्प बसा. पण रोज संध्याकाळी खोलीत शिरावं तर दुसरी उशी फुगवून ठेवलेली, दुसरा टॉवेल घडी घालून, पलंगाखाली सपातांच्या दोन जोड्या. पलंगाच्या मधोमध झोपायला शिकायला मला दोन वर्षं लागली हो. आता पुन्हा कडेला सरकून झोपते.

ती बाई रोज विचारते, साहेब कसे आहेत. मी बरे म्हणते. काल विचारलंन, जेवतात का. मी म्हटलं, थोडं थोडं. म्हटलं आणि तोंडात काहीतरी कुजकं आल्यासारखं झालं.

बाकी वैभव काय सांगू. लोक ताटात डोंगर रचतात, चार घास उष्टावतात आणि उठतात. खोलीतल्या गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो. सोन्या न्याहारीचे पाव कागदी रुमालात गुंडाळून सूनबाईच्या पर्समध्ये कोंबतो, म्हणजे बंदरावर दुपारचं जेवण विकत घ्यायला नको. तिच्या कंगव्यालासुद्धा लोणी लागलंय. कामवाल्या माणसांची बक्षिशी बिलात आपोआप धरतात, ती सोन्या वर जाऊन काढून आला. आणि त्याच माणसांनी काल जेवणाच्या टेबलावर एक कार्ड आणून दिलं. सगळ्यांच्या सह्या, साहेब लवकर बरे होवोत. सोन्याने ते घेतलं, आभार मानले आणि केकचा दुसरा तुकडा मागवला. मला ओकारी आली. समुद्र मात्र शांत होता.

परवा संध्याकाळी कप्तानाची मेजवानी आहे. पन्नाशीवाल्यांना मंचावर बोलावून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणार. सोन्याने बजावलंय की मी नुसतं हसावं आणि हात हलवावा. बघू, हात हलतो की आणखी काही.

रागावू नका असं म्हणत नाही. भरपूर रागवा, पण माझ्यावर सोडून.

तुमची
वहिनी


१० फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला घरी परतल्यावरच मिळणार, पण लिहिल्याशिवाय राहवेना. तुमचं पत्र मी शेजारणीसमोर उघडलं आणि अर्ध्यावरच मोठ्याने रडले, तिला काय सांगावं कळेना. माझा भाऊ. त्याला साधी शिंक आली तरी सगळं घर डोक्यावर घ्यायचा, आणि गेला तो मात्र आवाज न करता. त्याला त्या जहाजावर फुकट आजारी पाडलंय!

तुम्ही तिथल्या तिथे खरं का नाही बोललात? भर समुद्रात उतरवून दिलं नसतं कुणी. आणि दिलंच असतं तर सोन्याला आधी ढकलायचं होतं. तुम्ही हात हलवला असेल तर मला सांगू नका, मी तुमच्याशी बोलणार नाही. महिनाभर तरी नाही.

बरं, तब्येत सांभाळा आणि लगेच लिहा.

तुमची
नणंद


१२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही काल घरी पोचलो. आईने तुला काय काय लिहिलंय मला माहीत नाही, पण माझी बाजू कुणी ऐकणार की नाही?

मी काय गुन्हा केला? ज्यांनी बाल्कनीची खोली घेतली त्यांच्या अर्ध्यात आमची सहल बसत होती, तीही आईला धरून. दुसऱ्या कुणाच्या मुलाने आईला असं फिरवलं असतं? एक नाव कागदावर लिहिलं, बस. कुणाच्या खिशातून काही गेलं नाही.

आणि तिने काय केलं! मेजवानीत तीनचारशे माणसं. कप्तानाने तिला मंचावर घेतलं, यजमानांची तब्येत कशी आहे म्हणून अगदी आदराने विचारलं. ही माइकसमोर वाकली आणि शांतपणे म्हणाली, ते गेले. वाद्यं थांबली. अख्खा हॉल उठून उभा राहिला. बायका माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या, मला नावसुद्धा माहीत नसलेल्या. एकाने माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. वडील गेलेला माणूस पिणार कसा? सूनबाई तुझी उठून बाथरूममध्ये गेली ती बाहेरच आली नाही. त्यानंतरच्या शोचे आम्ही पैसे भरून ठेवले होते. दाराशी गेलो तर दारावरच्या माणसाने मला हाताला धरून हळूच परत खोलीत आणून सोडलं.

पुढे हिशेबाच्या खिडकीवर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही.

तू तिची समजूत काढ. तू सांगितलेलं ती ऐकते. माझ्याशी ती नीट बोलते, जेवलास का विचारते, आणि तेच मला सहन होत नाही.

काका बरे असतील. सर्वांना नमस्कार.

तुझा
सोन्या


१४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. हात हलवला नाही, तेव्हा बोलणं चालू ठेवा. महिनाभर तुम्ही गप्प बसलात तर गुडघ्यांपेक्षा जास्त काहीतरी दुखायला लागेल.

सोन्यानेही तुम्हाला लिहिलं म्हणे. मंचावर मी खोटं बोलले नाही. गेले म्हटलं. कधी ते कुणी विचारलंच नाही. टाळ्या घ्यायला माझा हात वर होईना आणि ते आजारी आहेत हे पुन्हा एकदा म्हणायला जीभ वळेना, म्हणून जे होतं ते म्हटलं. नाही, थोडी मजाही वाटली. सोन्याच्या तोंडात केक तसाच राहिला होता.

पण खिडकीवर झालं ते त्याने तुम्हाला लिहिलं नसणार, म्हणून मी लिहिते.

मेजवानीनंतर तिथल्या मोठ्या बाईंनी आम्हाला बोलावलं. त्यांनी सगळी व्यवस्था करून ठेवली होती. सकाळी बंदरावर गाडी, तिथून विमान, तिघांची तिकिटं जहाजाकडून. म्हणाल्या, पैशांचा विचार मनात आणू नका, बापाला शेवटचं बघायला लेकराने वेळेवर पोचलं पाहिजे. सोन्या पांढराफटक पडला. नको म्हणाला. बाई म्हणाल्या, संकोच करू नका. तो म्हणाला, गरज नाही. बाई आणखीच मऊ झाल्या. शेवटी त्याने सांगून टाकलं की बाबा दोन वर्षांपूर्वीच गेलेत.

कुणाला खरं वाटेना! बाईंना वाटलं धक्क्याने पोराचं डोकं फिरलं. डॉक्टरांना बोलावलं. तो जितका खरं सांगे तितके ते त्याची पाठ थोपटत. डॉक्टरांनी मनगट धरलं आणि मला खुणेने सांगितलं की हात धरून ठेवा, दुःखात माणसाला असं होतं. मी बोलू शकले असते. बोलले नाही. बघत राहिले. शेवटी तो ओरडला की तेव्हा मी गेलो नाही, गुरुवारच्या तिकिटासाठी थांबलो, बाबा तिकडे जात होते आणि मी इकडे दर बघत बसलो होतो. आणि तिथेच गालिच्यावर बसून रडायला लागला. तेव्हा रडायला मिळालं नव्हतं ते सगळं रडला.

मग मी बाईंना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जी किळस आली ती मी विसरणार नाही. सोन्याकडे बघितलं तसंच माझ्याकडेही बघितलं, कारण बिल्ला माझ्याच छातीवर होता. काढून दिला. पूर्ण भाडं लावलं, वर दंड लावला, तो सोन्याने मुकाट्याने भरला. खोलीवाल्या बाईला मी स्वतः सांगितलं. तिने दुसरी उशी उचलली, काखेत मारली आणि गेली. त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही. रोज काळजीने विचारत होती, तिला असं वाटणारच.

शेवटच्या संध्याकाळी सोन्या गच्चीवर माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग विचारलंन, त्या दिवसांत बाबा काय म्हणत होते. मी सांगितलं. वन्सं, तुम्हाला माहीत आहे ते काय म्हणत होते. सोन्या निघाला का म्हणून विचारायचे. मी म्हणायचे, गुरुवारी येतोय. तर म्हणायचे, बरं केलंन, उगीच महागाचं तिकीट घेऊ नको म्हणावं.

मला वाटलं ऐकून पोराला धीर येईल. त्याने कठडा असा धरला की बोटं पांढरी झाली. आणि मला त्या दोघांचीही इतकी चीड आली, बापाची नि लेकाची, की वाटलं दोघांना एकाच खोलीत कोंडावं, बिनखिडकीच्या.

मग सोन्या म्हणाला गार वारा आहे, आणि खाली गेला. येताना जहाजावरच्या दुकानातून शाल घेऊन आला. त्या दुकानात नुसतं आत शिरायचे पैसे पडत असतील असं वाटतं. किंमत विचारली का म्हटलं, तर नाही म्हणाला. रंग सडलेल्या वांग्याचा, आणि पाठीला असली टोचते की कुणी सुया ठेवून विणली असावी. परत करून ये म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

तीच अंगावर घेऊन हे लिहितेय. पाठ खाजवत खाजवत.

सोन्याला शिव्या घालायच्या असतील तर घाला, पण आधी जेवायला बोलवा. जीव आहे तेवढा लावत जा.

तुमची
वहिनी