क्रेनशॉचा हेर

रविवार, ३० ऑक्टोबर १९९४. दुपारी चार.

आजपासून ही वही कुलपात. किल्ली डाव्या मोज्यात.

कारण असं. ऑर्व्हल डीट्झनं आज मला एक गुपित सांगितलं. ऑर्व्हल म्हणजे आमच्या टॅलमन कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मदतनीस कोच आणि माझा चाळीस वर्षांचा दोस्त. बारा तारखेला, शनिवारी, क्रेनशॉ कॉलेजशी सामना. क्रेनशॉ नदीपलीकडे, चौदा मैलांवर. आमचं त्यांचं वैर माझ्या आजोबांच्या आधीपासूनचं. जो जिंकेल त्याच्याकडे वर्षभर तांब्याची कढई राहते. पूर्वी दोन्ही गावं मिळून तिच्यात सफरचंदाचा मुरंबा शिजवायची, मग गोडीवरून बिनसलं. गेली नऊ वर्षं कढई तिकडेच आहे. माझी बायको व्हर्ना म्हणते, ते लोक ती छान घासून ठेवतात. हिला कसं माहीत? नोंद केली.

तर गुपित. ऑर्व्हलनं चर्चच्या पत्रकामागे पेन्सिलीनं काढून दाखवलं. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातानं फेकणारा मुख्य गडी, फेकल्याचं नाटक करतो आणि चेंडू हळूच मागच्या पळणाऱ्याला देतो. पळणारा डावीकडे सुटतो. सगळं क्रेनशॉ त्याच्यामागे. क्वार्टरबॅक मात्र रिकाम्या हातानं उजवीकडे निघून जातो, जणू त्याचा काही संबंधच नाही. मग पळणारा पळता पळता चेंडू परत त्यालाच फेकतो. उजवीकडे चिटपाखरू नाही. गोल.

ऑर्व्हल म्हणाला, कुणाला बोलू नकोस. तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा जरा हसला. भावना दाटून आल्या असतील. पत्रक मी तिथल्या तिथे जाळलं. जेवणाचं टेबल थोडं काळं झालं.

सोमवार, ३१ ऑक्टोबर.

व्हर्नाला सांगितलं. टेबल का काळं झालं ते समजावताना दुसरा इलाज नव्हता. बायको म्हणजे कुणी परकं माणूस नव्हे. ती म्हणाली, "बरं." एवढंच. इतकं मोठं गुपित ऐकून माणूस नुसतं बरं म्हणतं?

संध्याकाळी हॅलोविनची पोरं सोंगं घेऊन गोळ्या मागायला दारावर. एक बेडूक होऊन आलेलं. हिरवा रंग क्रेनशॉचा. त्याला एकच गोळी दिली. त्यानं कोण राहतं इथे, असं विचारलं. मी म्हटलं, चौकशा पुरे.

बुधवार, २ नोव्हेंबर.

संशयित क्रमांक एक सापडला. शेजारच्या घरात सप्टेंबरपासून प्रुइट नावाचा भाडेकरू राहतो. वय पन्नास. एकटा. एक कुत्रा. हिरवं जाकीट. रोज साडेतीनला कुत्र्याला घेऊन फिरायला जातो, आणि साडेतीनलाच आपल्या संघाचा सराव असतो. कुत्रा नेमका मैदानाच्या कुंपणापाशी थांबतो. कुत्र्याला शिकवलेलं आहे.

कुंपणावरून मुद्दाम बोललो. सहज विचारल्यासारखं विचारलं, काय वाटतं बारा तारखेचं? तो म्हणाला, "बारा तारखेला काय आहे?"

या गावात दोन महिने राहून बारा तारखेला काय आहे हे ठाऊक नाही, असा माणूस असू शकत नाही. प्रशिक्षण चांगलं दिसतं.

गुरुवार, ३ नोव्हेंबर.

लॉनच्या सलूनमध्ये केस कापायला गेलो. आत लॉन आणि दोन गिऱ्हाइकं बोलत होती. मी शिरताच तिघं गप्प. मग लॉन म्हणाला, "गारठा वाढलाय, वेंडेल." गारठा अजिबात वाढलेला नाही.

इथे काहीतरी शिजतंय. लॉन फितूर आहे का हे तपासायला हवं होतं. तपासण्याचा एकच मार्ग, त्याला थोडंसं सांगून बघायचं. कंगवा म्हणजे क्वार्टरबॅक, पावडरचा डबा म्हणजे पळणारा, दाढीचा ब्रश म्हणजे चेंडू. सगळं सांगणार नव्हतो. पण अर्धंच सांगितलं तर खेळच कळत नाही. लॉननं शपथ घेतली. उरलेल्या दोघांनीही घेतली, त्यातल्या एकानं तोंडाला साबण असताना.

आता लॉनवर नजर ठेवायची. केस फार बारीक कापलेत.

शनिवार, ५ नोव्हेंबर.

गंभीर. प्रुइट ऑर्व्हलच्या घरी. मी गाडीतून जाताना डोळ्यांनी पाहिलं. हा माणूस मोजपट्टी घेऊन ऑर्व्हलच्या अंगणात वाकलेला, आणि ऑर्व्हल बिचारा पट्टीचं दुसरं टोक धरून उभा. इतका भोळा माणूस मी पाहिला नाही. मैदानावरची अंतरं मोजायची तालीम चालली होती आणि यजमानालाच कामाला लावलेलं.

ऑर्व्हलला फोन केला. सावध हो म्हटलं. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. लक्ष ठेवतो." मग विचारलं, तू कुणाला बोलला नाहीस ना? मी म्हटलं, काय बोलतोस लेका. त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. म्हणजे आवाज थोडा पडला. मला धीर द्यावा लागला.

नवे निश्चय: एक, फोनवर यापुढे फक्त हवापाण्याचं बोलणं. दोन, व्हर्नावरही नजर. ती रोज दुपारी रिकामी खोकी घेऊन ऑर्व्हलच्या बायकोकडे जाते. ल्यूसिल माळा आवरतेय म्हणे. आज येताना एक दिवा घेऊन आली. म्हटलं, हा कशाला? म्हणाली, ल्यूसिलनं दिला, आठवण म्हणून. कसली आठवण? ती भाजी चिरायला लागली.

सोमवार, ७ नोव्हेंबर.

माझा मेहुणा गस क्रेनशॉत राहतो. त्याला फोन केला. हेतू शुद्ध होता: गुपित तिकडे पोचलंय का, याचा अंदाज घ्यायचा. पण थेट विचारता येत नाही. म्हणून आडून विचारलं, समजा एखाद्या संघानं डावीकडे पळून चेंडू उजवीकडे फेकला, तर तुमचे लोक काय करतील? गसनं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "थांब, पेन्सिल आणतो."

त्याच्याकडे पेन्सिलही हाताशी नव्हती, म्हणजे तिकडे अजून काही पोचलेलं नाही. हायसं वाटलं.

मंगळवार, ८ नोव्हेंबर.

भाकीत लिहिलं. आमच्या गावच्या साप्ताहिकात सामन्याआधी दर वर्षी मीच लिहितो. बावीस वर्षं झाली. त्याआधी मी रस्ते खात्यात पिवळे पट्टे आखायचो, त्यामुळे सरळ रेषेत विचार करायची सवय आहे. गेली नऊ वर्षं मी टॅलमनच्या विजयाचं भाकीत करतोय. भाकितं बरोबर होती. संघ चुकला.

यंदा भाकितात गुपिताचा उच्चारही नाही. फक्त एक सूचक वाक्य: 'जेव्हा सगळे डावीकडे पाहतील, तेव्हा जाणत्यानं उजवीकडे पाहावं, कारण रिकाम्या हाताचा माणूस कायम रिकामा राहत नाही.' जाणकारांनाच कळेल.

संपादक मॅक्सीन म्हणाली, "वेंडेल, हे छापायचं नक्की?" मी म्हटलं, ही सांकेतिक भाषा आहे. ती म्हणाली, मला कळली. मॅक्सीन हुशार आहे, ती अपवाद. तिनं मग कुणाला तरी फोन केला आणि म्हणाली, ठीक, छापते. कुणाला केला? नंबर सात आकडी होता एवढं दिसलं.

गुरुवार, १० नोव्हेंबर.

अंक आला. माझं वाक्य मॅक्सीननं मथळ्यात घातलंय. दोन इंची अक्षरं.

दुपारी गसचा फोन. क्रेनशॉतल्या हॉटेलात अंक भिंतीवर लावलाय म्हणाला. तिकडे माझं नाव निघतं हे ऐकून बरं वाटलं. मग बरं वाटेना.

रात्री जेवण गेलं नाही. ऑर्व्हलकडे जावं म्हणून कोट घातला. व्हर्नानं विचारलं, कुठे? म्हटलं, कुठे नाही. कोट काढला. हे सगळं प्रुइटचं काम आहे.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर.

प्रुइटचं जाकीट जवळून पाहिलं. त्यावर बियाण्याच्या कंपनीचं नाव आहे, कणसाचं चित्र. तो नेब्रास्काचा. तिकडे सगळे हेच घालतात म्हणाला. कुत्रा माझ्या पायाशी येऊन बसला. म्हातारा आहे, डोळ्यांत मोतीबिंदू. कुंपणापाशी का थांबतो विचारलं. "दमतो म्हणून."

संशय घट्ट झाला, पण पूर्वीइतका आनंद नाही.

शनिवार, १२ नोव्हेंबर. सकाळी नऊ.

थर्मासमध्ये कॉफी. आपल्या संघाच्या मरून रंगाची टोपी. निश्चय: काही झालं तरी डोळे उघडे ठेवायचे.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात.

टोपी अजून डोक्यावरच आहे.

शेवटची चार मिनिटं. क्रेनशॉ सतरा, आपण तेरा. आपला संघ उभा राहिला आणि मला दिसलं की हाच तो डाव. क्वार्टरबॅकनं नाटक केलं. चेंडू पळणाऱ्याकडे गेला. तो डावीकडे सुटला. आणि क्रेनशॉचे सगळे दांडगे गडी त्याच्याकडे ढुंकूनही न बघता थेट उजवीकडे, आपल्या क्वार्टरबॅकवर. त्यांना माहीत होतं. अथपासून इतिपर्यंत. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, ऑर्व्हल, माफ कर. का म्हटलं ते ठाऊक नाही, माझा काही दोष नव्हता.

मग आरडाओरडा झाला. डोळे उघडले तर पळणारा अजून पळतोय. डावीकडूनच. त्यानं चेंडू फेकलाच नव्हता. पुढे अडवायला कुणी उरलेलं नव्हतं, कारण सगळे उजवीकडे गेले होते. चव्वेचाळीस यार्ड एकटा धावला.

गोलचे सहा, नंतरच्या किकचा एक. वीस-सतरा. कढई आपली. व्हर्ना रडत होती. लॉननं मला मिठी मारली. प्रुइटसुद्धा आला होता, कुत्र्याला घेऊन. कुत्र्याच्या गळ्यात मरून रंगाचा पट्टा. नोंद केली.

माझा निष्कर्ष: मी हेराबद्दल सावध केलं, म्हणून ऑर्व्हलनं आयत्या वेळी डाव बदलला. नऊ वर्षांनी कढई परत आली ती माझ्या दक्षतेमुळे. कुणी विचारलं तर नम्रपणे सांगेन.

रविवार, १३ नोव्हेंबर.

कॉलेजच्या व्यायामशाळेत सकाळची न्याहारी, सगळं गाव. टेबलावर मधोमध कढई. खरंच छान घासलेली आहे.

ऑर्व्हल बोलायला उभा राहिला. एरवी तो चार वाक्यांच्या वर बोलत नाही. म्हणाला, "लोक विचारतात, क्रेनशॉला फसवलं कसं. सोपं होतं. मुलांना एक डाव शिकवला आणि वेंडेलला दुसरा."

हशा झाला. मी आभार मानायला उभा राहिलो होतो. अर्धं वाकूनही झालं होतं. वाक्य नीट कळायला वेळ लागला, आणि तोवर सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मग बसताही येईना. मुख्य कोचनं सगळ्या मुलांच्या सह्यांचा चेंडू हातात दिला. म्हणाला, "तुमच्याशिवाय जमलं नसतं." मनापासून म्हणाला.

घरी येताना व्हर्नाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, टेबल जळालं त्या दिवसापासून. ल्यूसिलनं सांगितलं होतं. मॅक्सीनलाही. म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गाडीची काच थोडी खाली केली.

चाळीस वर्षांत ऑर्व्हलनं मला सांगितलेलं हे एकमेव गुपित. आज हिशेब लावला. आधीचं एकही आठवत नाही.

सोमवार, १४ नोव्हेंबर.

घराबाहेर पडलो नाही. तब्येत बरी नाही. फोन दोनदा वाजला. उचलला नाही.

मंगळवार, १५ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा दहा.

दुपारी प्रुइट कुंपणापाशी आला. म्हणाला, "तुमचे मित्र आता परवा गाव सोडणार. तुम्हाला जड जाणार." म्हटलं, कोण मित्र? म्हणाला, "डीट्झ. घर मीच घेतलंय त्यांचं. ते गेले की मी तिकडे, तोवर हे भाड्याचं." मग त्यानं माझा चेहरा पाहिला. कुत्र्याशी काहीतरी बोलायला लागला.

तसाच ऑर्व्हलकडे गेलो, कोट न घालता. घर रिकामं. भिंतींवर चौकोनी डाग. ल्यूसिलचे गुडघे गारठ्यानं गेलेत, मुलगी अ‍ॅरिझोनात आहे, तिच्या शेजारी घर घेतलंय. ऑगस्टमध्येच ठरलं होतं. ऑर्व्हल म्हणाला, संघातल्या मुलांना कळलं तर ती माझ्यासाठी खेळतील, स्वतःसाठी खेळणार नाहीत, म्हणून हंगाम संपेपर्यंत बोलायचं नव्हतं. मुलांना काल सांगितलं. विचारलं, गावात कुणाकुणाला माहीत होतं? तो खाली बघून खोक्याला चिकटपट्टी लावत राहिला.

मी म्हटलं, तीन महिने सगळ्या गावानं तोंड मिटून ठेवलं, कमाल आहे.

"तुला सांगायचं म्हणून काल दोनदा फोन केला," तो म्हणाला. "पहिल्यांदा सांगणार होतो ते तुलाच. ऑगस्टमध्ये. तुमच्या दारापर्यंत येऊन परत गेलो."

मग आम्ही दोघांनी मिळून कपाट उचलून व्हरांड्यात ठेवलं. जड होतं. दारात तिरकं करावं लागलं.

निघताना त्यानं एका चिठ्ठीवर अ‍ॅरिझोनाचा फोन नंबर लिहून दिला. म्हणाला, सध्या कुणाला देऊ नकोस, नाहीतर सगळं टॅलमन फोन करत बसेल. मी म्हटलं, छे. फाटकापर्यंत पोचलो तर मागून हाक आली. "वेंडेल, दे हवं तर."

नंबर त्यानं मला पाच वाजता दिला; आता सहा दहा झालेत. अजून कुणाला दिलेला नाही.