वरचं घड्याळ पुढे का पळतं

बाबा, आज वर्गात एका मुलीने तुमचाच प्रश्न विचारला. गुरुत्वाकर्षण घड्याळाला संथ करतं, की वेळेलाच? मी म्हटलं, वेळेलाच. उंचावर माणूस राहिला, तर त्याचे केसही किंचित आधी पिकतील. उत्तर बरोबर होतं. पण पुढे शिकवता येईना, तास लवकर सोडला.

तुमच्या लाँचवर जीपीएस बसवलं तेव्हा मी रत्नागिरीला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत घरी आले, तर दाभोळच्या धक्क्यावर तुम्ही जाळं सांधत बसलेले, चार खलाशी भोवती. देवळाचा कळस आणि खाडीतोंडचा खडक एका रेषेत धरून जागा ओळखणारे तुम्ही, त्या डबीवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की तिचा सगळा हिशेब उपग्रहांवरच्या घड्याळांवर चालतो. पृथ्वीसारख्या जड वस्तूजवळ तिच्या ओढीमुळे वेळ सावकाश जाते, तिथे वर जरा भरभर. म्हणून ती घड्याळं मुद्दाम किंचित संथ करून पाठवतात, नाहीतर लाँच भलतीकडेच जाईल.

तुमची सुई थांबते. "पन ही ओढ घड्याळाला हलू करते, का येळंलाच? आन का करते गो?"

"बाबा, तुम्हाला नाही कळायचं ते."

खलाशी हसतात. तुम्हीही हसता आणि मान खाली घालून पुन्हा सुई चालवू लागता. त्यानंतर तुम्ही मला असलं काही कधीच विचारलं नाहीत. जेवलीस का, पेपर कसा गेला, एवढंच. मला वाटलं, वय झालं, चौकसपणा संपला.

तुम्ही गेल्यावर आईने सांगितलं, की त्या डबीचा विषय निघाला की तुम्ही म्हणायचात, "माझ्या पोरीला ठावं हाय सगलं. मला नाय कळायचं." अभिमानाने म्हणायचात म्हणे. मी चारचौघांत केलेला अपमान तुम्ही माझं कौतुक म्हणून मिरवलात. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली, मला ते अजून सहन होत नाही.

हे लिहून आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. पण ती अजून आल्यागेल्याला तुमचं ते वाक्य अभिमानाने सांगते, तिचा तो अभिमान मला मोडवत नाही. बाबा, त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. सूत्र तेवढं पाठ होतं.