शकांची गर्जना

९ जानेवारी २०२४

साठ पानं! आणि त्यावर चहाचा गोल डाग.

दोन महिने हाटकेशला सिनेमाच्या सामानाच्या गाळ्यात बसून मी शकांवर टिपणं काढली. एका बाजूला फायबरची चिलखतं घासतायत, भुसा नाकातोंडात, आणि मी नाण्यांची चित्रं लावतेय. भूपेश सरांनी — दिग्दर्शक तेच — ती पानं कपाखाली ठेवली.

सातवाहन जिंकले, शक हरले. तेवढं सिनेमात बरोबर आहे. बाकी घोड्यांना रिकिबी आहेत, ज्या तेव्हा नव्हत्याच; शकांच्या टोपांना शिंगं आहेत आणि शक कच्चं मांस खातात. मी म्हटलं, सर, नाशिकच्या लेण्यात शक राजाच्या जावयाचा लेख आहे. त्याने नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, डहाणूच्या नदीवरसुद्धा. सोपाऱ्याला धर्मशाळा बांधली. सोपारा म्हणजे आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडे!

सर हसले. "मॅडम, ऑडियन्स को विलन चाहिए. नाववाला नहीं."

नाववाला. मी नाववाल्याचीच मुलगी आहे. सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

१० जानेवारी

गुणवंतकाकांना रागारागाने सगळं सांगितलं. लहानपणी माझी छाती सारखी भरायची म्हणून चौथीपर्यंत काकांनीच मला घरी शिकवलं. ते संग्रहालयात शिपाई होते. शिलालेखांच्या दालनात तीस वर्षं उभं राहून लिपी शिकले. मुळाक्षरांबरोबर एक नियम शिकवला — आधार नसेल तर 'माहीत नाही' लिहायचं. लाजायचं नाही.

माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. म्हणाले, "तो लेख तरी कुणी कोरून घेतला? त्या जावयानंच. ती पण जाहिरातच की गं!"

"म्हणजे सर बरोबर?"

"असं कुठं म्हटलं मी? तू दोघांवर पण विश्वास ठेवू नको."

झोंबलं. खरं आहे म्हणून जास्त झोंबलं.

२२ जानेवारी

खाडीवर शूटिंग. सातवाहन सैनिक म्हणून जिममधली गोरी मुलं आणलीत. आणि शक म्हणून — आमच्या कोळीवाड्यातली माणसं. रोज बाराशे रुपये आणि जेवण. त्यांत बाबा!

बाबा सकाळी दाढी करून गेले होते. दाढी करू नका असं कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना.

२३ जानेवारी

लिहिते.

मेकअपवाला काळा रंग घेऊन बाबांकडे गेला. भूपेश सर माइकवरून म्हणाले, "अरे इनको रहने दे. ये ऐसे ही सही हैं." सगळं युनिट हसलं. बाबाही हसले. विनोद कळला नाही म्हणून नाही. कळला म्हणून हसले.

मग त्यांच्या हातात कच्चा बोंबील दिला. चावा, सर म्हणाले, जंगली माफिक चावा.

बाबा म्हणाले, "साहेब, आमी पण शिजवूनच खाताव."

"अरे लीलाधर, तू नहीं, तेरा कैरेक्टर खाता है!"

चार टेक झाले. मी पाच हातांवर नोंदींची पाटी घेऊन उभी. चौथ्या टेकला बाबांना उलटी झाली. सरांनी ती ठेवली. "रियल है," म्हणाले.

मी पाटीवर टेकचा नंबर लिहिला.

याची परतफेड करीन. कशी ते माहीत नाही. पण करीन.

२९ जानेवारी

आज संधी स्वतः चालत आली.

"शकांची रणगर्जना पाहिजे," भूपेश सर. "एकदम ऑथेंटिक. कल सुबह."

मी म्हटलं, माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कुठे नोंद नाही.

"तो बना दो ना यार! कौन शक आके चेक करनेवाला है?"

घरी येईपर्यंत ठरलं होतं. होडी वर ओढताना आमच्या वाड्यात जी हाळी देतात ती मी लिहून दिली — "हुबेला हो! रं हो!" अर्थ कुणाला ठाऊक नाही. बाबांच्या बाबांनाही नव्हता. पुढे टीप लिहिली: 'आधार — मौखिक, पश्चिम किनारा.' यात एक अक्षर खोटं नाही. काका, यात एक अक्षर खोटं नाही!

सिनेमा लागू दे. पडद्यावर ती गर्जना घुमली की दुसऱ्या दिवशी मी आमच्या माणसांचा व्हिडिओ टाकणार. बघा — ही तुमची दोन हजार वर्षांपूर्वीची शक गर्जना, भाईंदरला होडी ओढतायत! सगळा देश हसेल. या वेळी सिनेमावाल्यांवर.

३१ जानेवारी

तालमीत सहाय्यक दिग्दर्शक दिशाने कागद वाचून दाखवला. आमच्या सगळ्या माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मग हसू फुटलं, आणि असे ओरडले की खाडीवरचे बगळे उडाले.

"क्या एनर्जी है!" फाइटमास्टर खूश.

बाबा दिवसभरात सात वेळा मेले. घरी येताना घसा बसलेला. "तुझंच काम हाय ना ह्यं?"

"हो."

"मजा आली." थोडं चालून म्हणाले, "पन ती कामाची हाळी हाय गो. मारामारीची न्हाय."

मी म्हटलं, तुम्ही बघाच पुढे.

१ जून

होड्या वर घेतल्या. मासेमारी बंद, आता ऑगस्टपर्यंत निवांत. मी पूर्ण हाळी रेकॉर्ड केली, अकरा माणसं, बाबा पुढे. "कशाला गो?" म्हणाले. आठवण म्हणून, असं सांगितलं. हे मात्र खोटं. नोंद करून ठेवते.

११ एप्रिल २०२५

मध्ये पानंच नाहीत. क्लासमध्ये शिकवत होते, वाट पाहत होते.

आज टीझर आला. शिंगं, धूर, बाबांचं तोंड दोन सेकंद — आणि हुबेला हो! तीन दिवसांत ती सगळीकडे जाईल असा दिशाचा मेसेज. तिला वाटतं मी खूश आहे.

आहेच मी खूश! जेवढं उंच चढतील तेवढं जोरात आपटतील.

१९ एप्रिल

नवघरला रिक्षावाल्याने पुढच्या गाडीवर ओरडायला तेच वापरलं. लग्नात डीजेवर वाजतंय. आत्ता सांगून टाकावं का? नको. सिनेमा लागू दे. अजून थोडं.

१६ मे

पाहिला. मीरा रोडला, बाबा आणि मी. गर्जना झाली की अख्खं थिएटर ओरडत होतं आणि शक मेला की शिट्ट्या. बाबा मेले तेव्हा माझ्या शेजारचा म्हणाला, "मर साले गंदे." बाबांच्या मांडीवर पॉपकॉर्न होतं. दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "माझं तोंड बरं दिसतंय गो मोठ्या पडद्यावर."

उद्या व्हिडिओ टाकणार होते. शनिवार-रविवार गर्दी होऊ दे. मंगळवारी टाकते. मोजून मारायचं.

१८ मे

शांताआत्या — बाबांची बहीण — आज बेव्हर्ली पार्क सोसायटीतून मासळीची अर्धी पाटी तशीच घेऊन परत आली. वीस वर्षं तिथल्या एकाच गेटवर बसते. वरून बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, हुबेला हो! मग दुसऱ्या बाल्कनीतून. मग खालून. "शक आली, शक आली, कच्चा खाती है!" गिऱ्हाईक बायका पण तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"वॉचमन म्हनला, मावशी, दो-चार दिन मत बैठो."

पाटीतला बर्फ वितळून ओट्यावर पाणी आलं होतं. आत्या ते पुसत नव्हती. मी पुसलं.

माझ्याशी कुणी वाईट बोललं नाही. माझा कागद आणि हे, कुणी जोडलंच नाही. बाबांनी जोडलं असेल.

२० मे

टाकला व्हिडिओ. दोन चौकटी: वर सिनेमा, खाली आमची माणसं. खाली लिहिलं — ही गर्जना शकांची नाही. ही मी दिली. शक काय ओरडत होते ते कुणालाही माहीत नाही. ही भाईंदरच्या कोळ्यांची होडी ओढायची हाळी आहे. सिनेमावाल्यांनी तपासलं नाही. सही माझी, पूर्ण नाव.

आता हसा!

२१ मे

चार लाख लोकांनी पाहिला. मी सगळं वाचलं. वाचायला नको होतं.

'म्हणजे हेच ते!'
'शकांचे वंशज सापडले, भाईंदरला.'
'चेहरे पण तेच आहेत बघा.'
'दो हज़ार साल हो गए, अब तो वापस जाओ.'

मी प्रत्येकाखाली लिहिलं — असं नाही, असा काही आधार नाही, हाळी मी दिली. एकाने उत्तर दिलं: ताई, सच कड़वा होता है.

आणि भूपेश सरांनी तोच व्हिडिओ स्वतःच्या पानावर लावला! 'लोग पूछते थे रिसर्च कितनी की. ये देखिए. ज़िंदा परंपरा.' माझं नाव लिहून आभार मानलेत.

२३ मे

काकांकडे गेले. मीच आधी म्हटलं, टीप खरी होती.

"टीप खरी होती," काका म्हणाले. "पण 'माहीत नाही' हे उत्तर होतं तुझ्याकडे. ते खोडलंस."

"त्यांना धडा शिकवायचा होता."

"आणि कुणाचा शब्द वापरलास? त्यांचा?"

व्हिडिओ काढून टाकला. त्याने काय होणार? लोकांकडे प्रती आहेत.

बाबांची माफी मागितली. म्हणाले, "चालायचंच. जेवलीस का?"

१ जून

आज होड्या वर घेतल्या. चार होड्या, अकरा माणसं. रस्त्याकडेला पोरं मोबाइल धरून वाट बघत उभी होती.

बाबा दोराच्या पुढे होते. हाळी दिली नाही. नुसती मान हलवायचे, आणि सगळे ओढायचे.